गारेगारने सभागृहाचा गारवा अडवला

गारेगारची धाकटी मुलगी घरात एवढ्या हळू बोलायची की तिने मीठ मागितलं तरी आईला "काय म्हणालीस?" असं दोनदा विचारावं लागे. पाहुणे आले की ही दाराआड. शाळेतल्या बाईंनी एकदा गारेगारला बोलावून घेतलं आणि काळजीने विचारलं, "घरी तरी बोलते का हो ही?" त्यावर तो म्हणाला होता, "बोलत असावी बाई. आम्ही घरात नसताना."

अशा मुलीचा आवाज एका रणरणत्या दुपारी त्याच्या कानावर पडला तो सभागृहाच्या गच्चीवर, आणि तोही भोंग्यातून.

तो तेव्हा कूलिंग टॉवरच्या पोटात कमरेपर्यंत शिरला होता. टॉवर म्हणजे गच्चीवरचा पत्र्याचा मोठा पिंजरा. आतून पाणी झिरपतं, वर पंखा गरगरतो आणि तळघरातल्या मशीनने सभागृहातून शोषलेली सगळी उष्णता तिथून आकाशात जाते. कबुतरांनी त्या पिंजऱ्यात बिऱ्हाड मांडलं होतं आणि गारेगार त्यांची काड्यापिसं घमेल्यात भरत होता. खाली मोठ्या फाटकासमोर पोरापोरींचा घोळका बरेच दिवस बसून आहे, हे त्याला ठाऊक होतं. हवामान बिघडत चाललंय, सरकारने हातपाय हलवावेत, असं काहीसं त्यांचं म्हणणं, हेही ऐकून होता. पण फाटकासमोर कोणी ना कोणी नेहमीच बसलेलं असायचं. गारेगारच्या लेखी ते फाटकाचंच एक अंग होतं, कडीकोयंड्यासारखं.

"म्हणजे काय, की," भोंगा म्हणाला, "तुम्ही म्हातारे होऊन मजेत मराल. आम्ही म्हातारं व्हायचं कुठे, ते आधी सांगा!"

गारेगारच्या हातातलं घमेलं सुटलं. "म्हणजे काय, की" हे शेपूट प्रत्येक वाक्याला पुढून लावणारी व्यक्ती जगात एकच होती, आणि ती त्या वेळी शिकवणीला गेलेली असायला हवी होती. तो खेकड्यासारखा मागे मागे सरकत टॉवरमधून निघाला, कठड्याशी गेला आणि डोळ्यांवर आडवा हात धरून बघतच राहिला. दगडी पायरीवर उभी राहून, एक हात कमरेवर ठेवून, त्याची धाकटी सरकारला दम देत होती.

"काय रे, भूत बघितलंस?" पंपवाल्याने विचारलं. पंपवाला हा त्याचा जोडीदार. दोघं एकदमच नोकरीला लागलेले आणि आपल्या चुका एकमेकांच्या अंगावर ढकलत सोबतच पिकलेले.

"भूत परवडलं," गारेगार म्हणाला. "आमची धाकटी आहे ती."

पंपवाला कठड्यावरून वाकला. बराच वेळ कान देऊन ऐकलं. मग म्हणाला, "आवाज चांगला आहे. इतकी वर्षं साठवून ठेवलेला दिसतोय."

आता गारेगार हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. सभागृहाखालच्या तळघरात थंड हवेचा अख्खा कारखाना होता आणि हा त्याचा राजा, म्हणून सगळी इमारत त्याला त्या नावाने हाक मारायची. बसएवढं एक मशीन पाणी गार करायचं, पंप ते पाणी वर चढवायचे, आणि त्या गार नळ्यांवरून हवा फिरवून पंखे ती सभागृहात सोडायचे. वर मंत्री, आमदार, अध्यक्ष काय बोलताहेत ते खाली कळायला काही मार्ग नव्हता. पुढे केव्हातरी तळघरात छोटा टीव्ही आला, पण गारेगारचा भरवसा आपल्या तळहातावर. सभागृहातून परत येणाऱ्या हवेचा पत्र्याचा जो बोगदा होता, त्याच्यावर तो हात ठेवायचा. माणसं भांडायला लागली की अंगं तापतात आणि हवा कोमट होऊन खाली येते. "विरोधी बाजू उठली," तो डोळे मिटून सांगायचा. थोड्या वेळाने म्हणायचा, "बसली."

एका जुन्या अध्यक्षांच्या हे ध्यानात आलं होतं. त्यांनी आपल्या खुर्चीजवळून तळघरात फोनच ओढून घेतला. वर गलका वाढला की खाली घंटी वाजे. "गारेगार, पेटलंय रे. जरा जास्त सोड." हा सोडायचा. मग शर्टाच्या बाह्या सरसावलेले लोक कोटाची बटणं लावत गुपचूप खाली बसायचे. एका अर्थमंत्र्यांचं भाषण काही केल्या आवरेना, तेव्हा ह्याने त्यांच्या डोक्यावरच्याच जाळीतून असा काही गारठा सोडला की त्यांचे दात वाजायला लागले आणि अर्धा अर्थसंकल्प त्यांनी हातवाऱ्यांनीच सांगून संपवला. असल्या गोष्टींनी गारेगारची छाती फुगलेली असायची.

"देश चालवतो कोण?" तो पंपवाल्याला विचारायचा.

"तू," पंपवाला म्हणायचा. "आणि तुला पाणी पाजतो कोण?"

त्या इमारतीत दिवे गेले होते, छप्पर गळलं होतं, एकदा तर सरकारच पडलं होतं. पण गारेगारच्या हातून गारवा कधी बंद पडला नव्हता. एकदाही नाही.

तर त्या संध्याकाळी तो घरी गेला तो तोंडात पुरेपूर दारूगोळा भरूनच.

"आज कुठे होतीस?"

"शिकवणीला," धाकटी कुजबुजली.

"कसली शिकवणी? सरकारला धमकावायची?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. पण तिची आई मात्र ओट्यापाशी पाठमोरीच राहून म्हणाली, "कळलं का एकदाचं तुम्हाला? सुटले बाई मी. रोज आपल्या गच्चीवर हिच्यापुढे सभागृह होऊन बसावं लागतं. कधी मी मंत्री, कधी मी विरोधी पक्ष. परवा तर मला झोप लागली."

"खऱ्यासारखीच वाटली ती," धाकटी म्हणाली.

गारेगार मटकन खुर्चीत बसला. घरात एवढं राजकारण शिजतंय आणि आपल्याला वाससुद्धा आला नाही! मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या उन्हाळ्यात धाकटीच्या वर्गात, पत्र्याच्या छपराखाली, तिच्या शेजारची मैत्रीण बाकावरच बेशुद्ध पडली होती. शाळा बंद ठेवली, उघडली, पुन्हा बंद ठेवली. तेव्हापासून ही पोरं एकत्र आली. त्यांनी विनंती अर्ज केला होता: नवं कोळशाचं वीजकेंद्र उभारू नका, आणि दर वर्षी धूर किती कमी करणार ते कायद्याने बांधून घ्या. भरपूर सह्या असल्या तर अर्ज करणाऱ्यांपैकी एकाला सभागृहाच्या कठड्याशी उभं राहून बोलता येतं, असा जुना नियम होता. कोणी बोलायचं यावर एकमत होईना, म्हणून पोरांनी चिठ्ठ्या टाकल्या. निघाली ती हिची चिठ्ठी.

"अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी," धाकटी म्हणाली. "सगळ्यात शेवटचं काम."

"आणि त्या दिवशी नाही घेतलं तर?"

"तर अर्ज मेला. पुन्हा पहिल्यापासून सह्या. तोवर वीजकेंद्राचा पाया भरून होईल." ती थांबली. मग एकदम, भोंग्यातल्या आवाजात म्हणाली, "पण घेतलं तरी काय होणार आहे? माना डोलावतील. म्हणजे काय, की, बाबा, आत एवढं गार असतं ना, बाहेरचं ऊन त्यांना गोष्टीतलं वाटतं." आणि आपण हे कोणासमोर बोललो ते कळून तिने जीभ चावली. "तुम्हाला नाही हं म्हटलं."

पण वाक्य गेलं ते गारेगारच्या डोक्यात जाऊन ठाण मांडून बसलं. आपल्या कर्तबगारीच्या एवढ्या गोष्टी, आणि आपल्याच पोरीच्या वाटेत धोंडा कोण, तर आपलाच गारवा? त्याला राहून राहून धक्का बसत होता. जेवताना बसला, हात धुताना बसला. आणि मग त्याच्या सुपीक डोक्यातून ती कल्पना निघाली.

मशीन बंद करायचं नाही. नुसता सभागृहाकडे जाणाऱ्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह आवळायचा. जेवणाच्या सुट्टीत आवळला की धाकटीची वेळ येईस्तोवर वर मस्त रसरशीत उन्हाळा तयार. मंडळींना घाम फुटेल, कळेल, पोरगी बोलेल, आणि मग आपण सावकाश व्हॉल्व्ह उघडू. गारव्याने सभागृह शांत करता येतं, तर उकाड्याने शहाणं का नाही करता येणार?

पंपवाल्याला सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "कळलं तर?"

"बिघाड म्हणू."

"तुझ्या मशीनचा बिघाड? त्यापेक्षा भूकंप झाला म्हण, पटेल तरी." मग जरा थांबून त्याने विचारलं, "धाकटीला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं त्यात? बाप आहे मी तिचा."

तो दिवस उजाडला. आईने इस्त्री करून दिलेले कपडे घालून धाकटी बाजूच्या खोलीत आपली हाक यायची वाट बघत बसली. गारेगारने जेवणाच्या सुट्टीत व्हॉल्व्ह आवळला, बोगद्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. हवा कोमट झाली. मग चांगली ऊन झाली. टीव्हीवर मंडळी कोट काढताना दिसायला लागली. कोणी कामकाजाच्या कागदांनी वारा घेत होतं, एक जाडजूड सभासद रुमाल मानेत खुपसून बसले होते. गारेगारला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "बघ, बघ, शिजताहेत!" तो पंपवाल्याला म्हणाला.

घंटी वाजली. अध्यक्ष होते. "गारेगार, अरे काय झालं काय?"

"बघतो साहेब," हा म्हणाला, आणि टीव्हीच बघत राहिला.

आता धाकटीचंच काम उरलं होतं. तेवढ्यात मानेत रुमालवाले सभासद धापा टाकत उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, असल्या उकाड्यात सन्माननीय सदस्यांना बसवून ठेवणं माणुसकीला धरून नाही. कामकाज इथेच संपवावं, असा माझा प्रस्ताव आहे."

गारेगार हसला. सरकार पक्षाने सुचवलं म्हणजे विरोधी पक्ष आडवा येणार, हे त्याने वर्षानुवर्षं तळहातावर अनुभवलं होतं. विरोधी पक्षनेते उठलेही. त्यांनी घाम पुसला. "अध्यक्ष महोदय, या सभागृहात मी आल्यापासून पहिल्यांदाच सत्ताधारी बाजूशी पूर्णपणे सहमत आहे."

प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. मंडळी आधीच दाराकडे निघालेली होती. अध्यक्षांनी उभ्या उभ्याच दोन वाक्यं म्हटली आणि अधिवेशनाचं सूप वाजलं.

गारेगारचा जबडा जो खाली पडला तो वर येईना. त्याने कधी गारवा बंद पडू दिलाच नव्हता, त्यामुळे तो बंद पडल्यावर ही माणसं काय करतात, हे बघायची पाळीच त्याच्यावर आली नव्हती. ती उठून जातात. एवढी साधी गोष्ट! आणि ती त्या इमारतीतला शिपाईसुद्धा सांगू शकला असता.

"उघड! उघड!" तो ओरडला आणि दोघांनी मिळून व्हॉल्व्ह गरागरा उघडला. गारवा सुसाट वर गेला तो रिकाम्या खुर्च्यांवर. टीव्ही अजून चालूच होता. पडद्याच्या कोपऱ्यात, कठड्याशी, इस्त्रीच्या कपड्यांतली एक मुलगी कागद धरून उभी होती. तिला आत सोडणाऱ्याला कामकाज संपल्याचं कोणी सांगितलंच नव्हतं. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. एकेका ओळीचे दिवे विझत गेले.

पंपवाल्याने टीव्ही बंद केला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही.

पण धक्क्यांचा दिवस अजून संपायचा होता. रिकामा डबा काखोटीला मारून गारेगार फाटकाबाहेर पडतो, तर बाहेर हलकल्लोळ. "कट! कट!" पोरं ओरडत होती. आणि पायरीवर उभी राहून, डोळ्यांतलं पाणी मनगटाने पुसत, धाकटी भोंग्यातून सांगत होती, "आमचं ऐकायला लागू नये म्हणून सरकारने मुद्दाम गारवा बंद केला!"

गारेगारचे पाय जमिनीला चिकटले. टीव्हीवाले धावत होते. विरोधी पक्षनेते, तेच, मघाशी पूर्णपणे सहमत असलेले, आता गाडीच्या काचेतून डोकं काढून सांगत होते, "मला तेव्हाच कटाचा वास आला होता!"

दिवे लागायच्या सुमाराला सरकारला घाम फुटला, आणि तो काही उकाड्याचा नव्हता. टीव्हीवर मंत्री आले. सरकार कोणाला घाबरत नाही, म्हणाले. पुढच्याच आठवड्यात फक्त या अर्जासाठी सभागृहाची खास बैठक होईल.

घरात एकच जल्लोष. जी मुलगी मीठ मागताना लाजायची ती खुर्चीवर उभी होती. "बाबा, फसले! स्वतःच्याच डावात फसले ते! शेवटच्या दिवशी घाईघाईत ऐकणार होते, आता अख्खा दिवस मिळाला आपल्याला!"

गारेगार गप्प बसला असता तरी चालणार होतं. नोकरी राहिली असती, पोरीला हवं ते मिळालंच होतं, पंपवाला काही बोलणार नव्हता. गप्प बसायचं म्हणून त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला. तो कधीच रिकामा झाला होता.

"अहो, पेला चावताय की काय?" बायको म्हणाली. "पोरगी एवढी नाचतेय आणि तुमचं तोंड असं का?"

"तो गारवा," तो पेल्यात बोलला, "मी बंद केला."

धाकटी खुर्चीवरच उभी राहिली. तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहून गेलं, पाहुणे गेल्यावर मागे राहिलेल्या चपलेसारखं. "काय?"

"उकडलं की त्यांना कळेल, असं वाटलं. तूच म्हणालीस, गार असतं म्हणून."

"मी म्हटलं बंद करा?" ती खाली उतरली. "मी एकटी उभी होते तिथे, बाबा. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. चुकीच्या दाराने आले, उशिरा आले. दिवे विझवणारा मला म्हणाला, बाळ, घरी जा."

गारेगारने पेला खाली ठेवला.

"मशीनला हात लावायच्या आधी त्या पत्र्यावर तळहात ठेवून बघता म्हणे तुम्ही," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "पोरीला एक शब्द विचारता आला नाही?"

आईने ओटा पुसायला घेतला. शेवटी आईच म्हणाली, "हे बघ, झालं ते झालं. बैठक मिळतेय ना? आपण तिघं गप्प बसू."

"मी भोंग्यातून सांगितलं, आई. खोटं सांगितलं."

"तुला कुठे माहीत होतं?"

"आता माहीत आहे ना," धाकटी म्हणाली, आणि ते इतकं हळू म्हणाली की आईला पुन्हा विचारावंसं वाटलं, पण तिने विचारलं नाही.

सकाळी बाप-लेक अध्यक्षांच्या दालनात उभे होते. अध्यक्षांसमोर वर्तमानपत्रांची चळत. प्रत्येकावर कट. रात्रभरात त्यांच्या डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. गारेगारने मान खाली घालून सगळं सांगितलं. अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "तू? गारेगार, तू?" त्यांना जवळचा नातलग चोर निघाल्यासारखं झालं. पण मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पसरला. "म्हणजे... कट नव्हताच!"

"नव्हता साहेब."

"म्हणजे ती बैठकही नको! सचिव! अहो सचिव, या इकडे, खुलासा लिहून घ्या!"

सचिव लेखणी सरसावून आले. अध्यक्ष पाठीशी हात बांधून फेऱ्या मारत सांगू लागले, "लिहा. कालच्या घटनेत कोणताही कट नव्हता. सभागृह कोणाच्या सांगण्यावरून उठलं नाही. सभागृह उठलं, कारण..." ते थांबले.

"कारण, साहेब?" सचिवांची लेखणी वाट बघत होती.

"कारण..." अध्यक्ष खिडकीशी गेले होते. खाली फाटकासमोर, सकाळपासूनच तापलेल्या फरसबंदीवर, पोरं छत्र्या उघडून बसली होती. "कारण गरम होत होतं," ते पुटपुटले, आणि आपण काय म्हणालो ते स्वतःच्याच कानांनी ऐकून थिजले.

"हे असंच छापायचं?" सचिवांनी सरळ मनाने विचारलं.

अध्यक्ष खुर्चीत येऊन बसले. रुमाल काढला, कपाळ पुसलं. "कट परवडला," ते म्हणाले. "फाडा तो कागद. बैठक होईल." मग त्यांनी बोट रोखलं. "चौकशी पूर्ण होईपर्यंत तू व्हॉल्व्हच्या आसपास फिरकायचं नाहीस. आणि बाळ, तू हे कुठेही बोलू नकोस."

"बोलणार साहेब," धाकटी म्हणाली. "खोटं मी सांगितलंय. दुरुस्तही मीच करणार."

"कुठे?"

"कठड्याशी. तिथे मी काय बोलायचं ते आधी कोणी विचारायचं नाही, असा नियम आहे ना?"

अध्यक्षांनी सचिवांकडे बघितलं. सचिवांनी मान हलवली, नियम होता. गारेगार मुलीकडे बघत होता. हिला हे कोणी शिकवलं? आपण तर नक्कीच नाही.

खास बैठकीच्या दिवशी गारेगारला प्रेक्षकांच्या सज्जात, पहारेकऱ्याच्या शेजारी बसवलं होतं. डोळ्यांसमोर असलेला बरा, असा हुकूम होता. खाली तळघरात एकटा पडलेल्या पंपवाल्याने भीतीपायी सगळे व्हॉल्व्ह सताड उघडले होते. गारेगार थंडीने कुडकुडायला लागला. आयुष्यभर आपण हे असलं वाढत होतो, हे त्याला पहिल्यांदाच अंगावर कळलं. त्याने हात काखेत घातले.

धाकटी कठड्याशी आली. या वेळी खुर्च्या भरलेल्या होत्या.

"जरा मोठ्याने," अध्यक्ष म्हणाले.

"गेल्या आठवड्यात, सरकारने गारवा बंद केला असं मी बाहेर सांगितलं," ती म्हणाली. "ते खोटं होतं. माझ्या बाबांनी बंद केला. मला न विचारता. मला त्यांचा अजून राग आहे."

सभागृहात हशा उसळला. सगळ्या माना सज्जाकडे वळल्या. गारेगारला वाटलं, आपण खुर्चीतून विरघळून खाली जाऊ. पहारेकरी त्याच्याकडे असा बघायला लागला की जणू तो कोणी दरोडेखोरच.

"तुमचा मात्र राग नाही," धाकटी पुढे म्हणाली. हशा थोडा ओसरला. "गरम झालं, तुम्ही सगळे एकमताने उठून बाहेर गेलात. माणूस तसंच करतो. आम्हालाही उठून जायचंय. फक्त कुठे जायचं, ते सांगा. एवढंच विचारायला मी आलेय."

तिच्या हातात अजून बराच कागद उरलेला होता. तिने तो वाचला नाही. घडी घातली आणि उभी राहिली.

वर्तमानपत्रवाल्यांच्या लेखण्या मध्येच थांबल्या. मग ते जाडजूड सभासद, रुमालवाले, हळूहळू उठले. गारेगारने डोळे मिटले. आता पुन्हा प्रस्ताव. पुन्हा सूप.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले. "या अर्जाचा निकाल लागेपर्यंत सभागृह उठू नये. असा माझा प्रस्ताव आहे."

या वेळी एकमत झालं नाही. बऱ्याच जणांनी "नाही" म्हटलं, काहींनी तर चांगलं ठणकावून म्हटलं. पण "होय" जास्त निघाले. वीजकेंद्राचा एक फावडंभर पायासुद्धा निकालाआधी खणायचा नाही, एवढंही तिथल्या तिथे ठरलं, आणि चर्चा सुरू झाली.

धाकटी जिना चढून सज्जात आली. बापाकडे न बघता, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून बसली.

"छान बोललीस," गारेगार दात वाजवत म्हणाला.

"राग आहे अजून."

"असू दे." त्याने गारठलेली बोटं चोळली. मग म्हणाला, "आता मी काय करू, ते सांगशील?"

धाकटीने मान वळवली. बापाने आपल्याला विचारलं, हे तिला खरं वाटत नव्हतं. खाली वीजमंत्री बोलायला उठले होते. ऊन काय पूर्वीही असायचंच, असं त्यांचं पहिलंच वाक्य होतं. ते ऐकून गारेगार ताडकन उभा राहिला. पहारेकऱ्याने त्याचा दंड धरला.

"खाली बसा बाबा," धाकटी म्हणाली, आणि रिकाम्या खुर्चीवरून हात लांब करून तिने त्याची बाही ओढली. "काही करू नका. माझ्यासोबत नुसतं ऐका. संध्याकाळी बाहेर पोरांना सगळं सांगायचंय, आणि मला एकटीला एवढं लक्षात राहणार नाही."

तो बसला. मंत्र्यांचं दुसरं वाक्य पहिल्याहून भयंकर होतं. गारेगार पुढे वाकला आणि उघड्या तोंडाने ऐकायला लागला.